प्रश्न आधी, पेपर नंतर

भिलाईत राहून कॅथलिक थिऑलॉजीची पदव्युत्तर पदवी घेता येत नाही. रोमची मान्यता असलेली थिऑलॉजीची विद्याशाखा छत्तीसगडमध्ये नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरची सेंट चार्ल्स, मध्य प्रदेशात आष्ट्याचं ख्रिस्त प्रेमालय, रांचीचं सेंट अल्बर्ट्स ही त्यातल्या त्यात जवळची ठिकाणं. पण त्यांचा मुख्य भर भावी धर्मगुरूंच्या पायाभूत शिक्षणावर आहे. त्यापुढचं शिकायचं तर पुण्याचं ज्ञानदीप, दिल्लीचं विद्याज्योती, बंगळुरूचं धर्माराम किंवा सेंट पीटर्स अशा संस्थांकडे वळावं लागतं. मराठी घरातल्या विद्यार्थ्याला त्यातलं पुणं सगळ्यात सोयीचं. दुर्ग स्टेशनात आझाद हिंद एक्सप्रेस मिळते, ती थेट पुण्याला नेते, आणि नगर रस्त्यावर, ज्ञानदीप आहे त्या रामवाडीत पोचेपर्यंत घरची भाषा चहूकडून कानावर पडू लागलेली असते.

गाडीत बसणं सोपं. अवघड आहे ते दोन वर्षांत कोणते पेपर घ्यायचे, कोणत्या क्रमानं घ्यायचे आणि त्यातून शेवटी काय लिहायचं हे ठरवणं. प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, सोबतचे काय घेतायत ते पाहून, एखाद्या आवडत्या प्राध्यापकांच्या तासांभोवती वेळापत्रक जुळवलं जातं. तिसऱ्या सत्रात प्रबंधाचा विषय विचारला गेला की लक्षात येतं, घेतलेल्या पेपरांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. मग विषय शोधण्यात एक सत्र जातं आणि लिहिण्यासाठी हातात फार थोडे दिवस उरतात. हे टाळता येतं, पण त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो: आधी आपला प्रश्न, मग त्याला लागणाऱ्या भाषा, आणि सगळ्यात शेवटी पेपर.

चर्चच्या पदव्यांची रचना एकदा समजून घ्यावी. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१७ मध्ये सही केलेल्या ‘वेरितातिस गाउदियुम’ या दस्तऐवजानं ती आज ठरते. त्याआधी १९७९ पासून दुसऱ्या जॉन पॉल यांचा ‘सापिएन्तिया ख्रिस्तियाना’ लागू होता. टप्पे तीन. पहिला बॅकलॉरिएट, म्हणजे आपल्याकडचं बी.टीएच. तो पाच वर्षांचा, आणि दोन वर्षं तत्त्वज्ञान आधीच झालेलं असेल तर तीन वर्षांचा. दुसरा लायसेन्शिएट, दोन वर्षांचा. आपल्याकडे तो एम.टीएच. किंवा एल.टीएच. म्हणून ओळखला जातो. तिसरा डॉक्टरेट. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना सगळंच शिकावं लागतं: बायबल, श्रद्धासिद्धांत, नीतिशास्त्र, उपासना, चर्चचा इतिहास, आद्य धर्मपितरांचं लेखन, कॅनन कायदा. निवडीला फारसा वाव नसतो. दुसऱ्या टप्प्यात एक शाखा धरायची, तिच्यात खोल उतरायचं, प्रबंध लिहायचा आणि सर्वंकष परीक्षा द्यायची. आखणीचा खरा प्रश्न इथे उभा राहतो.

कॅनन कायदा मात्र वेगळा. २००२ च्या एका रोमन आदेशानं त्याचं लायसेन्शिएट तीन वर्षांचं झालं. भिलाईच्या विद्यार्थ्यानं हा विषय सहज बाजूला सारू नये. रायपूर महाधर्मप्रांत लॅटिन परंपरेचा आहे, शेजारचा जगदलपूर धर्मप्रांत सायरो-मलबार परंपरेचा, आणि भिलाईत केरळहून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. लॅटिन चर्चची संहिता १९८३ ची, पौर्वात्य चर्चची १९९० ची. या दोन परंपरांतली मुलं-मुली एकमेकांशी लग्न करतात तेव्हा कोणते नियम लागतात, हे अचूक सांगू शकणारा माणूस अशा गावात फार मोलाचा असतो. पौर्वात्य कॅनन कायद्याची स्वतंत्र संस्था धर्माराममध्ये आहे.

प्रापंचिक विद्यार्थ्यानं, म्हणजे जो धर्मगुरू किंवा सिस्टर होण्याच्या वाटेवर नाही त्यानं, आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे आधी तपासावं. दुर्ग-भिलाईत इंजिनिअरिंग केलेल्या, पोलाद कारखान्यात नोकरीला लागलेल्या तरुणाला थेट एम.टीएच.ला प्रवेश मिळत नाही. तत्त्वज्ञान आणि बी.टीएच. या दोन्ही पायऱ्या मधे आहेत. त्याच्यासाठी दुसरे रस्ते आहेत. रोमनं २००८ मध्ये ‘धार्मिक विज्ञानां’च्या उच्च संस्थांसाठी तीन अधिक दोन वर्षांची रचना घालून दिली, ती मुख्यतः प्रापंचिकांचा आणि संन्यस्तांचा विचार करूनच. शिवाय मद्रास विद्यापीठाचा ख्रिस्ती अध्ययन विभाग आणि म्हैसूर विद्यापीठाचं ख्रिस्ती धर्माचं अध्यासन ही सरकारी विद्यापीठातली दारं आहेत. घरी बसून सगळं करता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. नव्या नियमांत काही भाग दूरस्थ पद्धतीनं शिकवायला परवानगी आहे. संपूर्ण चर्च-पदवी तशी मिळेल, अशा आशेवर कुणी राहू नये.

आता मान्यतेचा मुद्दा. यावर आधी बोलणं गरजेचं आहे, कारण पाच-सात वर्षं घालवल्यावर तो कळला तर फार मनस्ताप होतो. चर्चच्या पदव्या पोपच्या अधिकारानं दिल्या जातात. भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ नुसार कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे एम.टीएच.ला सरकारी नोकरीत किंवा विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी आपोआप एम.ए.चा दर्जा मिळत नाही. नेट परीक्षेच्या विषयांच्या यादीत ख्रिस्ती थिऑलॉजी नाही. त्यातल्या त्यात जवळचे विषय दोन, तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तुलनात्मक अभ्यास, आणि तिच्यातून सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरायला मान्यताप्राप्त विद्यापीठाची एम.ए. लागतेच. म्हणून कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर थिऑलॉजीबरोबर तत्त्वज्ञानातली विद्यापीठीय एम.ए. आखणीत पहिल्या दिवसापासून धरावी. इग्नूची दूरस्थ एम.ए. हा त्यासाठी बरेच जण निवडतात तो पर्याय. ती थिऑलॉजीच्या दोन वर्षांच्या आत कोंबू नये. आधी तरी उरकावी किंवा नंतर तरी. दोन्ही परीक्षा एकाच महिन्यात आल्या की दोन्हीकडचं नुकसान होतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. सेमिनरीत शिकवायचं असेल तर कॅनन २५३ नुसार तत्त्वज्ञान, थिऑलॉजी आणि कायदा शिकवणाऱ्यांकडे रोमची मान्यता असलेल्या विद्यापीठाची किंवा विद्याशाखेची लायसेन्शिएट अथवा डॉक्टरेट हवी. ‘एम.टीएच.’ ही अक्षरं प्रॉटेस्टंट बाजूला श्रीरामपूरच्या सिनेटशी जोडलेली कॉलेजंही देतात, आणि तिथला अभ्यास दर्जेदार असतो. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. पण कॅथलिक सेमिनरीच्या नेमणुकीला तिथली पदवी उपयोगी पडत नाही. तेव्हा प्रवेश अर्ज भरण्याआधी कुलसचिवांना एकच प्रश्न लेखी विचारावा: ही पदवी कोणत्या चर्च-विद्याशाखेच्या नावानं दिली जाते? ज्ञानदीपबाबत हा इतिहास स्पष्ट आहे. तेराव्या लिओ पोपनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला त्याचं मूळ असलेली पेपल सेमिनरी स्थापन केली, १९२६ मध्ये तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली.

इतकं झालं की मूळ मुद्दा, प्रश्न.

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘सामाजिक न्याय’ हा विषय झाला, त्यावर दोन हजार पानं लिहिली तरी संपणार नाही. प्रश्न असा असतो की त्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतक्याच मर्यादेत’ असं येऊ शकतं. असा प्रश्न सहसा पुस्तकातून येत नाही, तो राहत्या जागेतून येतो. भिलाईच्या मुलाला तर तो शोधायला लांब जायला नको.

सोव्हिएत मदतीनं उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत १९७७ मध्ये कंत्राटी मजुरांची छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ ही संघटना उभी राहिली. तिचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी वेतनाच्या लढ्याबरोबर दारूबंदीची चळवळ चालवली आणि मजुरांच्या वर्गणीतून, श्रमातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल सुरू झालं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत, झोपेत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्याच वर्षी १ मे रोजी दुसऱ्या जॉन पॉल यांनी ‘सेन्तेसिमुस आनुस’ हे परिपत्रक काढलं होतं. श्रमिकांच्या प्रश्नावरचं पहिलं मोठं पोपचं परिपत्रक, ‘रेरुम नोवारुम’, १८९१ चं, त्याची शताब्दी म्हणून. कारखान्याच्या वसाहतीतल्या चर्चमध्ये रविवारी एकाच बाकावर कारखान्याचा कायम कर्मचारी आणि कंत्राटदाराकडचा मजूर शेजारी बसत असतील, तर थिऑलॉजीच्या विद्यार्थ्याला विचारण्याजोगं पुष्कळ आहे.

एक नमुना जवळून पाहू. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ‘मुख्य मालक’ ही कल्पना मांडली: मजुराला कामावर कंत्राटदार घेतो, पण ज्याच्या आस्थापनेसाठी काम चालतं त्याच्यावरही काही जबाबदारी येते, कंत्राटदारानं वेतन दिलं नाही तर ते मुख्य मालकानं द्यायचं. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात जॉन पॉल यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली: ज्या व्यक्ती, संस्था आणि धोरणं प्रत्यक्ष मालकाचं वागणं ठरवतात त्या सगळ्यांची नैतिक जबाबदारी. दोन्ही कल्पना एकमेकींच्या जवळ आहेत, पण एक नाहीत. त्या कायद्यानं जबाबदारी एका ठरावीक आस्थापनेवर टाकली. परिपत्रक ती राज्यापर्यंत, आंतरराष्ट्रीय व्यापारापर्यंत नेतं. मग प्रश्न असा: भिलाईतल्या कंत्राटी मजुराच्या बाबतीत ‘अप्रत्यक्ष मालक’ कोण, आणि त्या यादीत स्वतःची शाळा-हॉस्पिटलं कंत्राटी सफाई कामगारांकडून चालवणाऱ्या चर्चच्या संस्थाही येतात का? हा प्रश्न दोन वर्षं पुरेल इतका मोठा आहे आणि ऐंशी-शंभर पानांत मावेल इतका छोटा.

असा प्रश्न हाताशी आला की पेपर जवळजवळ आपणहून ठरतात. शाखा नीतिशास्त्राची, म्हणून मूलभूत नीतिशास्त्र आणि चर्चची सामाजिक शिकवण हे दोन गाभ्याचे. बायबलमधून कोणताही एक मनाजोगा ग्रंथ घेण्याऐवजी जिथे मजुरी आणि वेठ आहे तिथे जावं: निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारोची माणसं पेंढा न देता विटांचा तोच आकडा मागतात, अनुवादच्या चोविसाव्यात सूर्य मावळण्याआधी मजुरी देण्याची आज्ञा आहे, याकोबाच्या पत्राच्या पाचव्यात बुडवलेली मजुरी ओरड करते. आद्य धर्मपितरांवरचा सेमिनार असेल तर मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांचं नाबोथवरचं लेखन घ्यावं. राजानं गरिबाचा द्राक्षमळा बळकावल्याच्या बायबलमधल्या गोष्टीवर ते आहे, आणि प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनींच्या मुलखात ते वेगळ्याच धारेनं वाचलं जातं. पद्धतीसाठी बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांची ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही तीन पायऱ्यांची रीत. ती कामगार तरुणांमध्येच घडली. उरलेल्या जागेत समाजशास्त्राचा एखादा पेपर, कारण मुलाखती घ्यायच्या तर त्या कशा घ्यायच्या, संमती कशी घ्यायची, मजुराचं नाव कसं झाकायचं हे शिकून घ्यावं लागतं. भिलाईतल्या विद्यार्थ्याला हिंदी येत असते आणि छत्तीसगढी निदान कळत असते. या कामात ती फार मोठी शिदोरी आहे.

मरियमशास्त्रावर उत्तम पेपर उपलब्ध असेल आणि तो घ्यावासाही वाटेल. त्याला बसावं, पण श्रेयांकांसाठी नव्हे, श्रोता म्हणून.

प्रश्न दुसऱ्या दिशेनंही जाऊ शकतो. धर्मस्वातंत्र्याच्या भारतीय कायद्यातला सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, छत्तीसगडच्याच मातीतला आहे. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम १९६८ चा. त्याखाली बलौदाबाजारच्या दंडाधिकाऱ्यांपुढे फादर स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला उभा राहिला, त्यांनी कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिलं, आणि १९७७ मध्ये सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या पीठानं कायदा उचलून धरला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. त्याच्याही मागे १९५६ चा नियोगी समितीचा अहवाल आहे. हे नियोगी म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानी शंकर नियोगी, कामगारनेत्यांशी त्यांचा संबंध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा आणि मिशनकार्यावरचा आदेश, दोन्ही ७ डिसेंबर १९६५ चे. निकाल, अहवाल आणि हे दोन दस्तऐवज एका टेबलावर मांडून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे पेपर अर्थातच वेगळे असतील: मिशनशास्त्र, चर्चविषयक सिद्धांत, कॅनन कायद्याची तोंडओळख, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाचं बारकाईनं वाचन. छत्तीसगडमध्ये हा विषय आजही तापलेला आहे. म्हणूनच तो भावनेच्या भरात न लिहिता कागदपत्रांवर लिहिणारी माणसं हवी आहेत, ख्रिस्ती समाजाला आणि त्याच्या टीकाकारांनाही.

मराठी घरातून येणाऱ्याला आणखी एक भांडार उघडं आहे आणि त्याकडे फार थोडे वळतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी, ओव्या जवळपास अकरा हजार. कॅरिदाद द्रागो यांनी १९९६ मध्ये ते देवनागरीत, आजच्या वाचकाला कळेल अशा रूपात आणलं. बाहेरच्या अभ्यासकाला जी भाषा शिकायला वर्षं लागतात ती मराठी विद्यार्थ्याला आईकडून मिळालेली असते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. थिऑलॉजी मराठीत लिहिली तर वाचली जाते, याचं याहून मोठं उदाहरण कुठलं?

प्रश्नाच्या मागोमाग भाषा. आखणीत सगळ्यात जास्त हेळसांड होते ती यांची. जुन्या करारावर लिहायचं तर हिब्रू, नव्या करारावर लिहायचं तर ग्रीक, धर्मपितर आणि कॅनन कायद्याला लॅटिन, हिंदू धर्माशी संवादाला संस्कृत. सगळ्या भाषा कुणालाच येत नाहीत, यायची गरजही नाही. पण ज्या ग्रंथावर प्रबंध उभा राहणार त्याची मूळ भाषा वाचता आली पाहिजे, नाहीतर प्रत्येक वाक्यात दुसऱ्याच्या भाषांतराच्या आधारानं चालावं लागतं. कोणतीही भाषा पहिल्या सत्रात सुरू करावी. तिसऱ्या सत्रात सुरू केलेली ग्रीक शेवटपर्यंत वर्णमालेच्या आसपासच घुटमळते. प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात लिपी आणि पहिले धडे घरी उरकून गेलं तर फारच उत्तम. शिवाय फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक वाचण्यापुरती यावी. डॉक्टरेटला पुढे गेल्यास ती लागतेच.

पुण्यातल्याच काही मोठ्या नावांकडे पाहिलं की हा धागा स्पष्ट दिसतो. बेल्जियमहून आलेले फादर रिचर्ड डी स्मेट यांनी आधी संस्कृत पक्की केली आणि मग १९५३ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात शंकराचार्यांच्या थिऑलॉजिकल पद्धतीवर प्रबंध दिला. त्यांचा प्रश्न नेमका होता: शंकराचार्य केवळ तर्कावर चालणारे तत्त्वज्ञ, की श्रुतीचा अर्थ लावणारे भाष्यकार? दुसरी बाजू त्यांनी मांडली आणि ती इतकी वजनदार ठरली की प्रबंध पुस्तकरूपात न येताही त्याच्या चक्रमुद्रित प्रती वर्षानुवर्षं अभ्यासकांच्या हातोहात फिरल्या. गी देलरी यांनी विठोबाच्या उपासनेवर केलेला अभ्यास १९६० मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केला. फादर नोएल शेठ हार्वर्डला गेले ते कृष्णाच्या देवत्वाचा अभ्यास करायला, तोही हरिवंश, विष्णुपुराण आणि भागवत असे ग्रंथ आखून घेऊन. फादर जॉर्ज सोआरेस-प्रभू यांनी आपला प्रबंध मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या दोन अध्यायांतल्या अवतरणांपुरता ठेवला. तो १९७६ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या अरुंद दारातून शिरलेला हा माणूस पुढे गरिबांच्या नजरेतून बायबल वाचणारा भारतातला एक मोठा भाष्यकार झाला. पाया अरुंद आणि खोल घेतल्यानं पुढचं आयुष्य अरुंद होत नाही.

आता वेळेचा हिशेब. ‘श्रेयांक’ हा शब्द दोन पद्धतींत दोन अर्थांनी येतो आणि त्यात गफलत होते. युरोपीय पद्धतीत, जी रोमनं स्वीकारली आहे, एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तासांचे सगळे कष्ट, वर्ग, वाचन, लेखन धरून. वर्षाला असे साठ. आपल्या विद्यापीठीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तास वर्ग. संस्थेच्या माहितीपत्रकात कोणता हिशेब आहे हे पाहिल्याशिवाय पेपरांची संख्या ठरवू नये. युरोपीय हिशेबानं सत्राचे तीस श्रेयांक म्हणजे किमान साडेसातशे तास. वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अडतीसच्या आसपास. पूर्ण वेळच्या नोकरीइतकं हे काम आहे. पॅरिशमध्ये रविवारची जबाबदारी, वसतिगृहाची देखरेख, धर्मशिक्षणाचे वर्ग हे सगळं सांभाळून शिकणाऱ्या सिस्टरनं आपल्या वरिष्ठांसमोर हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. तोंडी सांगून तो पोचत नाही.

चार सत्रांची विभागणी साधारण अशी बसते. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती, भाषा आणि शाखेचे गाभ्याचे पेपर. दुसऱ्यात दोन सेमिनार, आणि त्यांतला एक तरी निबंध थेट आपल्या प्रश्नाच्या एका तुकड्यावर. मार्गदर्शकही याच सत्रात ठरावा. मधल्या सुट्टीत भिलाईला जाऊन प्रत्यक्ष काम: मुलाखती, न्यायालयाचे कागद, कामगार संघटनेची पत्रकं, पॅरिशच्या जुन्या नोंदवह्या. नोंदवह्यांसाठी पॅरिश प्रीस्टची लेखी परवानगी आधीच मागवावी. तिसऱ्या सत्रात पेपर कमी आणि प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं. चौथ्यात उरलेलं लेखन आणि सर्वंकष परीक्षेची तयारी. सेमिनारचे निबंध प्रबंधाची कच्ची प्रकरणं म्हणून लिहिले तर शेवटच्या सत्रातलं निम्मं ओझं हलकं होतं. संस्थेच्या नियमांत तेच लेखन पुन्हा वापरण्याची कितपत मुभा आहे, एवढं मात्र मार्गदर्शकाला विचारून घ्यावं.

मार्गदर्शक निवडताना नावाची प्रसिद्धी पाहू नये. त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत, पुढच्या वर्षी ते रजेवर किंवा परदेशी तर नाहीत ना, आणि त्यांनी गेल्या काही वर्षांत मार्गदर्शन केलेले प्रबंध ग्रंथालयात कसे दिसतात, हे पाहावं. जुने प्रबंध चाळण्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. किती पानं, किती टिपा, पहिलं प्रकरण कुठे संपतं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कामाचा आवाका कळतो.

प्रापंचिकांना, विशेषतः स्त्रियांना, हे क्षेत्र आपलं नाही असं अजूनही वाटतं. अॅस्ट्रिड लोबो-गाजीवाला यांचं काम पाहावं: मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या टिश्यू बँकेच्या त्या प्रमुख होत्या, आणि त्याच वेळी कॅथलिक थिऑलॉजीतल्या लेखिका. भारतीय बिशपांच्या परिषदेनं स्त्री-पुरुष समानतेचं धोरण आखलं त्या मसुद्यात त्यांचा सहभाग होता. प्रापंचिकाच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. सेमिनरीतल्या विद्यार्थ्याचा खर्च धर्मप्रांत किंवा संघ उचलतो, प्रापंचिकाला फी, राहणं, पुस्तकं स्वतः पाहावी लागतात, आणि पदवीनंतर नोकरीची हमी नसते. म्हणून अर्ज करण्याआधी रायपूरच्या आर्चबिशप कार्यालयाशी बोलावं: शिष्यवृत्ती आहे का, परतल्यावर धर्मशिक्षण, विवाहपूर्व मार्गदर्शन, न्याय आणि शांती आयोग अशा कामांत पगारी जागा असेल का. चर्चच्या नियमांप्रमाणे प्रवेशाला एखाद्या धर्मगुरूचं किंवा अधिकारी व्यक्तीचं शिफारसपत्र लागतं, ते याच भेटीत मागता येतं. उत्तर नकारार्थी आलं तरी ते आधी कळलेलं बरं. पण पॅरिशनं आपल्यातल्या एखाद्या मुलीला या शिक्षणासाठी पाठवायचं ठरवलं, वर्गणी काढली, तर तो खर्च पाच-दहा वर्षांत पॅरिशलाच परत मिळतो.

वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं धरून फेब्रुवारीपासून कामाला लागावं. फेब्रुवारीत मान्यतेचा प्रश्न लेखी विचारून उत्तर फाइलला लावावं. मार्चमध्ये दोन पानांचं टिपण तयार करावं: वर प्रश्न एका वाक्यात, खाली तो कुठून आला ते, मग लागणाऱ्या भाषा, मग हव्या असलेल्या पेपरांची यादी आणि प्रत्येकापुढे तो का हवा याचं एक वाक्य. ज्या पेपरापुढे ते वाक्य सुचत नाही तो यादीतून काढावा. टिपण संबंधित विभागातल्या दोन प्राध्यापकांना पाठवावं आणि नम्रपणे विचारावं की यातलं काय चुकलंय आणि आधी काय वाचावं. उत्तर आलं की त्यातल्या पुस्तकांपैकी निदान पहिलं, पेन्सिल हातात घेऊन, दुर्गहून निघण्याआधी पूर्ण वाचावं, आणि भाषेची वही उघडून रोज सकाळी अर्धा तास बसायला सुरुवात करावी.